खांदेरीचा पोवाडा कुणी म्हणेल का?

शिवजयंतीला शाहीर बोलवायचा म्हटलं की आमच्या सातारा-सांगलीकडं मंडळाच्या पोरांचं आधीच ठरलेलं असतं. एकतर अफजलखान, नाहीतर तानाजी. यंदा बैठकीत मी सहज म्हणालो, "खांदेरी लावा की!" सगळे गप्प. एकजण म्हणाला, "ती पाणबुडी का?"

पाणबुडी आहेच, 2019 ला नौदलात आली. पण ते नाव आलं कुठनं?

1679 च्या पावसाळ्यात महाराजांनी मायनाक भंडारीला मुंबईच्या तोंडाशी, थळसमोरच्या खांदेरी बेटावर धाडलं आणि तटाचं काम सुरू झालं. इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं लावली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी, पण वारा पडला की जागच्या जागी. आपली गलबतं लहान, उथळ, वल्ह्यांवर चालणारी. अंधारात दाणागोटा आणि माणसं बेटावर पोचवायची आणि इंग्रजाच्या हाती लागायच्या आत परत. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर चालून गेलं. 'डव्ह' नावाची गुराब आपण धरली. 'रिव्हेंज' मात्र तोफा डागत उभं राहिलं आणि आपल्या गलबतांना मागं फिरावं लागलं. म्हणजे त्या दिवशी मैदान मारलं असं छाती ठोकून सांगता यायचं नाही. पण तटाचं काम थांबलं नाही, आणि 1680 उजाडल्यावर इंग्रजांनीच वेढा उठवला.

पोवाड्याला आणखी काय लागतं? तरी हा पोवाडा माझ्या कानावर कधी आला नाही. "आपण डोंगराकडची माणसं, समुद्र कुठं बघितलाय" हे कारण मला पटत नाही. आपल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तेव्हा रशिया कुठं बघितला होता? आणि हार झाली म्हणून गायचं नाही म्हणावं, तर पानिपतावर पोवाडे आहेतच.

माझा अंदाज वेगळा आहे. अडचण आरमाराच्या गोष्टीच्या शेवटात आहे. 1714 ला बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रेंची समजूत घालून त्यांना साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या बाजूला आणलं. त्याच बाळाजींचा नातू नानासाहेब पेशवा. त्यानं 1756 ला तुळाजी आंग्रेंचा काटा काढायला इंग्रजांची मदत घेतली. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तोफांच्या माऱ्यात आंग्रेंचं आरमार बंदरातच जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले. दौलत साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावानं चालायची, पण गादीवरच्या रामराजांच्या हातात तेव्हा काही उरलं नव्हतं.

आता सांगा, त्यानंतर पुण्यात कुठला शाहीर आरमाराची थोरवी गाणार, आणि बिदागी कोण देणार? मायनाक आणि दौलतखानाचा यात काय दोष? पण तेही मागं राहिले.

मंडळात शेवटी मतं पडली. अफजलखान जिंकला, रीतसर. पण नंतर शाहिरांना फोन लावला. म्हणाले, "मागणी आली तर लिहितो. फक्त एक सांगा, गुराब म्हणजे नेमकं काय? मी गलबतच समजत होतो." दोन डोलकाठ्यांचं, तोफा लादलेलं लढाऊ जहाज, असं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मायनाक कसा लिहायचा तेही विचारून घेतलं.