कैबाबची हरणे आणि एका आलेखाची गोष्ट

भक्ष्य आणि भक्षक यांचे नाते समजावून देण्यासाठी अमेरिकेतील जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून एक आलेख अनेक वर्षे छापला जात होता. आडव्या अक्षावर विसाव्या शतकाची पहिली चाळीस वर्षे, उभ्या अक्षावर हरणांची संख्या. रेषा ४,००० पासून निघते, १९२४ साली १,००,००० च्या शिखरावर पोचते आणि नंतर झपाट्याने खाली येते. सोबतचा निष्कर्ष असा, की माणसाने भक्षक मारले, म्हणून हरणे बेसुमार वाढली, चारा संपला आणि ती उपासमारीने मेली. हा आलेख कसा तयार झाला, हे पाहिले तर शिकवण्यासारखे आणखी बरेच काही हाती लागते.

ही घटना घडली ती अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कैबाब पठारावर. हे पठार ग्रँड कॅन्यन या प्रचंड घळईच्या उत्तर काठाला लागून आहे. त्याची उंची सुमारे २,८०० मीटरपर्यंत जाते. सभोवार सपाट माथ्याचे आणि उभ्या कड्यांचे डोंगर आहेत. त्यांना तेथे 'मेसा' म्हणतात. हा स्पॅनिश भाषेतला 'टेबल' या अर्थाचा शब्द. आपल्या सह्याद्रीतले सपाट माथ्याचे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मेसाचा आकार सहज डोळ्यांसमोर आणता येईल.

कैबाबवरील हरणाला 'म्यूल डिअर' म्हणतात, कारण त्याचे कान खेचराच्या कानांसारखे मोठे असतात. आपल्या सांबर-चितळांच्याच कुळातला हा प्राणी. नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. उन्हाळ्यात ही हरणे माथ्यावरच्या पाइन आणि ॲस्पेनच्या जंगलात असतात. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ साचले की ती उतारावरच्या झुडपांच्या प्रदेशात येतात. हिवाळी चराईचा हा पट्टा मर्यादित आहे, म्हणून उन्हाळ्यात कितीही पाला मिळाला तरी हरणे किती जगणार हे बरेचसे हिवाळ्यातल्या चाऱ्यावर ठरते.

या हरणांची शिकार फार पूर्वीपासून होत आली. पायूट आणि नवाहो लोक मांस आणि कातडी यांसाठी पठारावर शिकारीला येत. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा भाग ज्यांची शिकार होते अशा प्राण्यांसाठी राखीव म्हणून जाहीर केला आणि हरणांच्या शिकारीवर बंदी आली. हरणांचे रक्षण म्हणजे त्यांच्या शत्रूंचा नायनाट, अशी त्या काळची समजूत होती. त्यामुळे प्यूमा, लांडगे आणि कायोटी यांना मारण्यासाठी सरकारने माणसे नेमली. जिम ओवेन्स हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध शिकारी. १९१३ साली स्वतः रूझवेल्ट आपल्या दोन मुलांना घेऊन, ओवेन्सच्या सोबतीने, येथे प्यूमाच्या शिकारीला आले होते. पुढच्या काही दशकांत पठारावर शेकडो प्यूमा आणि हजारो कायोटी मारले गेले. थोडे असलेले लांडगे तर नाहीसेच झाले.

१९२० नंतर मात्र झाडाझुडपांची दशा पाहून वनाधिकारी काळजीत पडले. हरणांचे तोंड पोचेल तेथपर्यंत फांद्यांवर पाला उरला नव्हता. १९२४ साली पाहणीसाठी समिती आली आणि तिने हरणे कमी करण्याची शिफारस केली. त्याप्रमाणे वनखात्याने शिकारीला परवानगी दिली. पण जमीन केंद्र सरकारची असली तरी वन्यप्राणी राज्याच्या अखत्यारीत येतात, असे ॲरिझोना राज्याचे म्हणणे होते. गव्हर्नर जॉर्ज हंट यांच्या राजवटीत परवानगी घेऊन आलेल्या शिकाऱ्यांनाही अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपल्या जमिनीचे नुकसान टाळण्यासाठी केंद्र सरकार हरणे मारू शकते, असा निकाल १९२८ साली लागला.

त्याआधी, डिसेंबर १९२४ मध्ये, एक विलक्षण प्रयोग झाला. जॉर्ज मॅकॉर्मिक नावाच्या गृहस्थाने हजारो हरणे गुरांसारखी हाकत ग्रँड कॅन्यनमध्ये उतरवायची आणि पलीकडच्या दक्षिण काठावर न्यायची, असा बेत आखला. काही घोडेस्वार आणि पायी चालणारे अनेक नवाहो यांनी हाकारा घातला. हाकाऱ्यांच्या हातांत घंटा होत्या. कादंबरीकार झेन ग्रे हेही सोबत होते. पण बर्फाचे वादळ आले. हरणे पुढे पळण्याऐवजी माणसांच्या रांगेतून मागे निसटली. पलीकडे एकही हरीण पोचले नाही. त्या आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात उपासमारीने फार मोठ्या संख्येने हरणे मेली.

आता आलेखाकडे येऊ. १९२४ च्या सुमारास कैबाबवर हरणे नेमकी किती होती? वनाधिकाऱ्याचा अंदाज ३०,००० च्या आसपास होता. बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे अंदाज त्याहून पुष्कळ मोठे होते आणि त्यांतला सर्वांत मोठा १,००,००० चा होता. शिस्तीने केलेली गणना नव्हतीच. सुरुवातीचा ४,००० हा आकडाही अंदाजच. १९४१ साली रॅसमुसेन या संशोधकाने हे वेगवेगळे अंदाज एकत्र मांडले. १९४३ साली आल्डो लिओपोल्ड या नामवंत वन्यजीवतज्ज्ञाने त्यांतून एकच रेषा काढली. तिचे टोक एक लाखावर होते. पुढच्या पुस्तकांनी ती रेषा उचलली. पाहता पाहता अंदाज गळून पडले आणि रेषा 'निरीक्षण' बनली.

१९७० साली ग्रॅम कॉले या शास्त्रज्ञाने यावर बोट ठेवले. तो न्यूझीलंडमधील थार या प्राण्याचा अभ्यास करीत होता. थार मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ साली तो तेथे नेऊन सोडला होता. खुरांचे प्राणी नव्या ठिकाणी भरपूर चारा मिळाला की वाढतात, चारा ओरबाडतात आणि नंतर घटतात, हे त्याने दाखवले. कैबाबवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्या आणि गुरे फार मोठ्या संख्येने चरत होती. नंतर ती पुष्कळ कमी झाली. म्हणजे हरणांना चारा मोकळा झाला होता. भक्षक कमी होणे, माणसाची शिकार थांबणे आणि मेंढ्या हटणे, हे बदल जवळजवळ एकाच काळात घडले. मग वाढीचे श्रेय एकट्या भक्षकांच्या मृत्यूला कसे द्यायचे? या टीकेनंतर अनेक पाठ्यपुस्तकांनी कैबाबचे उदाहरण काढूनच टाकले.

पण गोष्ट येथेही थांबत नाही. बिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली वेगळा पुरावा पुढे आणला. त्यांनी पठारावरच्या ॲस्पेन वृक्षांची वये वार्षिक वलयांवरून काढली. हरणांची संख्या शिखरावर होती असे मानले जाते, त्या काळात रुजून जगलेली झाडे फारच थोडी सापडली. कोवळे कोंब हरणांनी खाऊन टाकले असावेत, याला हा पुरावा दुजोरा देतो. म्हणजे लाखाचा आकडा भरवशाचा नसला तरी हरणे अतोनात वाढली होती, हे लिओपोल्डचे म्हणणे बरेचसे टिकते. भक्षकांचा त्यात किती वाटा होता, हे मात्र झाडांच्या वलयांवरून वेगळे काढता येत नाही.

आमच्या मते हे उदाहरण वर्गातून वगळण्याचे कारण नाही. ते पूर्ण सांगावे. विद्यार्थ्यांना १९२४ चे ३०,००० पासून १,००,००० पर्यंतचे अंदाज द्यावेत आणि आलेख काढायला सांगावा. प्रत्येकाचे शिखर वेगळे येईल. मग विचारावे, की हा आकडा कोणी मोजला, कसा मोजला आणि त्याच काळात आणखी काय काय बदलले? हेच प्रश्न आपल्याकडच्या बिबट्यांच्या, रानडुकरांच्या किंवा माकडांच्या संख्येबद्दल वर्तमानपत्रात येणाऱ्या आकड्यांनाही विचारता येतील. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, वहीतले एक आलेखाचे पान पुरते.