जमिनीखालची उंची

पाणी उताराकडे धावते, हे मुलांना शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात अंगणात कागदी होड्या सोडताना ती ते शिकलेली असतात. पण उतार नेमका किती, हे ठाऊक नसताना पाणी वाहून नेणारी वाहिनी बांधायची वेळ आली तर? आणि ते पाणी लाखो माणसांच्या घरांतले मैलापाणी असेल तर? दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडन शहरापुढे हा प्रश्न उभा राहिला होता. वेगळ्या रूपात तो आजही प्रत्येक शहरापुढे आहे.

1847 पर्यंत लंडनमधली गटारे निरनिराळ्या मंडळांच्या ताब्यात होती. प्रत्येक मंडळ आपल्या हद्दीपुरते पाही. हद्दीवर दोन मंडळांची गटारे एकमेकांना मिळत तेव्हा त्यांचे आकार जुळत नसत, पातळ्याही जुळत नसत. काही ठिकाणी तर मोठे गटार लहान गटारात सोडलेले होते! त्यात याच सुमारास घराघरांतले शोषखड्डे बुजवून सगळे मैलापाणी गटारांत सोडण्याची सक्ती झाली. गटारे थेम्स नदीत रिकामी होत आणि त्याच नदीचे पाणी शहराच्या बऱ्याच भागाला प्यायला मिळे. 1848-49 च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये सुमारे चौदा हजार माणसे दगावली.

यापैकी सात मंडळे विलीन करून एक महानगर मंडळ नेमले गेले. एडविन चॅडविक या समाजसुधारकाने आग्रह धरला, की गटारांना हात लावण्याआधी साऱ्या शहराची मोजणी एकाच मापाने व्हायला हवी. हे काम ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी भूमापन खात्याकडे आले. 1848 मध्ये सेंट पॉल चर्चच्या घुमटाच्याही वर लाकडी मचाण बांधले गेले आणि तिथून सर्व दिशांचे कोन मोजले गेले. खाली रस्त्यांवर दुर्बीण, पाणसळ आणि मोजपट्टी घेऊन उंचीची मोजणी चालू झाली. भिंतींवर आडवी रेघ आणि तिच्याखाली बाणाची खूण कोरत माणसे पुढे सरकत होती. अशी प्रत्येक खूण म्हणजे ज्ञात उंचीचा एक बिंदू.

एकच संदर्भपातळी इतकी महत्त्वाची का? पुढे जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने मैलापाणी थेट नदीत पडू न देता वाटेतच अडवून शहराबाहेर नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या बांधल्या. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटमध्ये बसणे अशक्य झाले, तेव्हा कुठे या योजनेला मंजुरी मिळाली. या वाहिन्यांची एकूण लांबी सुमारे 82 मैल होती आणि काही ठिकाणी उतार होता मैलाला अवघा 2 फूट. समजा, अशा एका मैलाच्या दोन टोकांच्या उंची वेगवेगळ्या संदर्भपातळ्यांवरून मोजल्या आणि त्यांत 1 फुटाची तफावत राहिली. निम्मा उतार तिथेच बुडाला!

पण खुणा सगळीकडे कोरता येत नाहीत. दोन ज्ञात बिंदूंच्या मधल्या उंचीचे काय? तिथे अंदाज आला. आज शहराच्या मलवाहिन्यांचे संगणकावर प्रारूप करणाऱ्यांनाही तेच करावे लागते. जुने नकाशे अपुरे असतात. काही मॅनहोल डांबराखाली गडप झालेले असतात. नळाच्या तळाची पातळी कित्येक ठिकाणी कुणी नोंदवलेलीच नसते.

एक उदाहरण फळ्यावर सोडवता येईल. अ आणि ड या मॅनहोलमधले अंतर 300 मीटर आहे. नळाच्या तळाची पातळी अ पाशी 96.40 मीटर आणि ड पाशी 95.20 मीटर आहे. मधल्या ब (अ पासून 100 मीटर) आणि क (180 मीटर) यांच्या पातळ्या ठाऊक नाहीत. एकूण उतार 1.20 मीटर, म्हणजे 250 मीटरला 1 मीटर. तो सारखा आहे असे मानले तर ब ची पातळी 96.00 आणि क ची 95.68 येते. यालाच गणितात अंतर्वेशन म्हणतात.

आता समजा, ब या मॅनहोलमध्येच नळ अर्धा मीटर खाली उतरवलेला आहे. मग नळांच्या वाट्याला 0.70 मीटर एवढाच उतार उरतो आणि क ची खरी पातळी 95.48 निघते. चूक वीस सेंटिमीटरांचीच! पण नळाची वहनक्षमता उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे संगणक जेवढे पाणी सहज जाईल म्हणतो, त्याहून सुमारे चोवीस टक्के कमी पाणी त्या नळातून जाऊ शकते. उरलेले पाणी तुंबते. ते सर्वांत आधी सखल वस्तीतल्या घरांत शिरते.

विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाची गोष्ट इथे आठवते. 1848-49 च्या साथीत त्याने लंडनच्या विभागांची सरासरी उंची आणि पटकीचे मृत्यू शेजारी शेजारी मांडले. सर्वांत सखल विभागांत दहा हजारांमागे 102 मृत्यू होते, तर सर्वांत उंच विभागात 8. आकडे इतके सुबक, की सखल भागातली दूषित हवाच रोग पसरवते असे त्याने मानले. खरे कारण पाण्यात होते. सखल भागातल्या लोकांना नदीचे अधिक घाण पाणी मिळत होते. जॉन स्नो या डॉक्टरने ते दाखवले आणि 1866 च्या साथीत फारनेही ते मान्य केले. ती साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये पसरली. तिथल्या नव्या वाहिन्यांचे काम तेव्हा पुरे व्हायचे होते. सुबक रेषा दिसली की ती खरी मानायचा मोह होतो. उंचीच्या अंदाजातही हाच धोका असतो.

म्हणून चांगला अभियंता अंदाज केलेल्या आकड्याला वेगळी खूण करतो. नळ उलटा चढत तर नाही ना, तो रस्त्याच्या पुरेसा खाली आहे ना, हे तपासतो. जिथे चुकीची किंमत सर्वांत जास्त, तिथले झाकण उघडून प्रत्यक्ष मोजतो. मुंबईच्या गटारांच्या नकाशांवर 'टाऊन हॉल डेटम' नावाची पातळी आढळते. तिच्यावरून समुद्राजवळचा सखल रस्ताही वीस मीटरांहून उंच दिसतो. ती समुद्रसपाटीशी जुळवून न घेता कुणी आकडे मिसळले, तर लंडनच्या जुन्या मंडळांचीच चूक नव्याने होईल.

हे शाळेत करून पाहता येईल. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरा. मैदानाच्या एका कडेने दर पाच मीटरांवर खुंट्या ठोका. एका गटाने एकाआड एक खुंट्यांची उंची मोजावी आणि मधल्यांचा अंदाज काढावा. दुसऱ्या गटाने सगळ्या मोजाव्यात. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. अंदाज कुठे चुकला, आणि तिथेच का चुकला, हे मुलांनाच शोधू द्या.