कृपा आणि पापभारातून मुक्ती
ख्रिस्ती धर्मविचारात पापक्षमा ही सत्कर्मांची मिळकत नसून देवाच्या कृपेचे दान आहे. बायबलमधील प्रेषित पौलाच्या ‘रोमकरांस पत्रा’चा हा गाभा. समाजसुधारक पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) जीवन त्याचा भक्कम पुरावा ठरते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही त्यांच्या मनावरचे पापाचे ओझे उतरले नाही. धर्म लाभला, पण ख्रिस्त नंतर भेटला, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात मांडले. तेव्हा ख्रिस्ती ओळख केवळ संस्काराने पुरी होत नाही. क्षमा विनामूल्य मिळाली की आचरण सैल पडेल, हा आक्षेप जुना. पौलाने तो त्याच पत्रात खोडला आहे. रमाबाईंच्या बाबतीत तर उलटेच घडले : १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला.