तबेल्यातील मोठी खोली

गोठा, तबेला, कोठी यांना घराच्या इतिहासात सहसा स्थान नसते. मुख्य वास्तू कोसळल्यावर मात्र पुष्कळदा त्याच मागे उरतात. इंग्लंडच्या केंट परगण्यातील सिसिंगहर्स्टचे तसेच झाले.

सोळाव्या शतकात बेकर घराण्याने येथे भव्य प्रासाद उभारला. १५७३ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ येथे मुक्कामास होती. पुढे सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) फ्रेंच कैदी येथे डांबण्यात आले आणि वास्तूची दुर्दशा झाली. १८०० च्या सुमारास प्रासादाचा बहुतेक भाग पाडण्यात आला. मनोरा, प्रवेशद्वाराची लांबट इमारत आणि दोन लहान घरे तेवढी वाचली.

१९३० साली कवयित्री व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरोल्ड निकल्सन यांनी हे अवशेष विकत घेतले. व्हिटांचे बालपण नोल या वडिलोपार्जित प्रासादात गेले होते. १९२८ मध्ये वडील निवर्तले. परंतु केवळ स्त्री म्हणून नोल त्यांना मिळाले नाही, ते काकांकडे गेले. सिसिंगहर्स्टची सिसिली बेकर ही त्यांचे पूर्वज थॉमस सॅकव्हिल यांची पत्नी. गमावलेल्या घराचा एक धागा असा येथे जुळत होता.

अडचण एकच होती : सारे कुटुंब सामावेल असे एक छप्पर नव्हते. पती-पत्नी एका घरात निजत. मुलांच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि भोजनगृह 'प्रीस्ट्स हाउस'मध्ये. व्हिटांचे लेखन मनोऱ्यात. जेवायलाही बाग ओलांडावी लागे. म्हणून प्रवेश-इमारतीतील जुन्या तबेल्याचे दिवाणखान्यात रूपांतर करण्यात आले. पुस्तकांच्या मांडण्या, शेकोटी, जुने लाकडी सामान आणि लाझ्लो यांनी १९१० मध्ये रंगविलेले व्हिटांचे चित्र यांनी ते सजले. घरची मंडळी त्याला 'मोठी खोली' म्हणत.

पाहुण्यांसाठी ती शोभली. कुटुंब मात्र तेथे फारसे रमले नाही. सर्वांची गाठ पडे ती भोजनाच्या मेजावर; मग ज्याची त्याची खोली. नोलची उणीव त्या लांब दालनाने भरून निघावी, अशी अपेक्षा होती काय? असल्यास ती अपुरीच राहिली.

१९६२ मध्ये व्हिटा निवर्तल्या आणि १९६७ मध्ये सिसिंगहर्स्ट नॅशनल ट्रस्टकडे आले. जुन्या वास्तूला नवा उपयोग देणे सुतार-गवंड्यांच्या हाती असते. तिला घरपण देणे मात्र रोजच्या सहवासाचे काम आहे.