दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर पुढे काय होतं? फुंकण्यापासून कोर्टापर्यंतची पोलिसांची पद्धत आणि आपले हक्क

कुंभवली (ता. पालघर) : गेल्या लग्नसराईतली गोष्ट. रात्री एक वाजता फोन वाजला. "दादा, आमच्या बारक्याला पोलिसांनी नेलाय. हळदीवरून येत होता. आता काय करू?" बातमीदार म्हटल्यावर असे फोन येतातच. मी पोचेपर्यंत त्याच्या मामाने टपरीवर भेटलेल्या एका माणसाच्या हातात पाच हजार रुपये ठेवले होते. "मी आतून मिटवतो, पोरगा सकाळी घरी," असं तो म्हणाला होता. पोरगा घरी आला, पण त्या पाच हजारांमुळे नाही. गुन्हा जामीनपात्र होता, तो तसाही येणारच होता. दोन महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा टपरीवरचा माणूस फोन उचलेना. पोरगा एमआयडीसीत कामगारांची इको चालवतो. म्हणजे लायसन हीच त्याची शेती.

म्हणून ही माहिती एकदा नीट लिहून ठेवतोय. पिणाऱ्याची बाजू घ्यायला नाही. पहाटे अंधारात पहिल्या पाळीला सायकलने जाणारे कामगार आपल्या बोईसर-चिल्हार रस्त्यावर रोज दिसतात. त्यांच्या अंगावर कुणी झिंगून गाडी घातली तर त्याची बाजू कोण घेणार? पण पोलीस काय करू शकतात, काय केलंच पाहिजे आणि कुठे घड्याळ बघायचं हे माहीत नसलं की लोक भलत्याच ठिकाणी पैसे घालवतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हाच दंड २ हजार आणि ३ हजार होता. जुने लोक अजून "दोन हजारात काम होतं" म्हणतात, ते तिथूनच आलंय.

कायदा दारूचं नाव विचारत नाही. "साहेब, नुसती ताडी घेतलीय" हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. पण ताडी आंबली की तिच्यातही अल्कोहोल असतं, मोहाचीत तर असतंच. मशीन अल्कोहोल मोजतं, बाटली नाही. मोटारसायकल, रिक्षा, पिकअप, ट्रॅक्टर सगळं मोटार वाहनच. रस्ता हायवेच पाहिजे असंही नाही, लोकांना जायची मुभा असलेला गावातला रस्ताही सार्वजनिक जागाच. गाडी चालवायचा नुसता प्रयत्न केला तरी कलम लागतं.

आणखी एक कलम फार कुणाला माहीत नाही, १८८. समोरचा प्यायलेला दिसत असताना त्याला चालवायला चिथावणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. "घे चावी, मला स्टेशनला सोडून ये" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

नाक्यावर थांबवल्यावर

थर्टी फर्स्ट, होळी, किंवा शनिवार-रविवारी केळवा, चिंचणी किनाऱ्यावरून गाड्या परतायला लागल्या की नाकाबंदी असते. कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस, वाजवी संशय असेल तर, फुंकायला सांगू शकतो. गणवेश नसलेल्या माणसाने मशीन पुढे केलं तर ओळखपत्र विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. मशीनची नळी नवीन लावायला सांगा. आकडा स्वतः बघा, छापील चिठ्ठी निघत असेल तर तिच्यावरची वेळ बघा, मगच सही करा. शेवटचा घोट आत्ताच घेतला असेल तर तोंडातल्या दारूमुळे आकडा चढा येतो. तसं असेल तर तिथेच सांगा आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकू द्या म्हणा. नंतर कोर्टात सांगून उपयोग कमी.

काही जण ऐटीत सांगतात, "मी फुंकलोच नाही, काय करणार?" करतात ना. नकार दिला आणि पोलिसाला संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. शिवाय कलम २०५ प्रमाणे योग्य कारण नसताना दिलेला नकार हा तुमच्याविरुद्धच पुरावा धरला जातो. म्हणजे हुशारी आपल्याच अंगाशी.

आकडा जास्त आला म्हणजे अटक झालीच पाहिजे असंही नाही. अटक करू शकतो, असं कायदा म्हणतो. बऱ्याचदा मेडिकल करून, नोटीस देऊन, घरच्यांच्या ताब्यात माणूस दिला जातो.

दोन तास

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कलम २०२ प्रमाणे दारू पिऊन चालवल्याबद्दल अटक केली तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. नाही झाली तर त्या माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. बोईसर-पालघरकडे डॉक्टर गाठणं सोपं आहे. मोखाड्याच्या आतल्या गावातून जव्हारच्या कुटीर रुग्णालयापर्यंत किंवा डहाणूच्या डोंगरपट्ट्यातून कासा रुग्णालयापर्यंत रात्री माणूस नेणं वेगळं. तिथे दोन तास कुठे जातात कळत नाही. म्हणून अटकेच्या कागदावर वेळ काय लिहिलीय ते घरच्यांनी पहिल्यांदा वाचावं.

पण इथे गैरसमज नको. दोन तास उलटले म्हणजे केस मेली असं नाही. सुटका कोठडीतून होते, गुन्ह्यातून नाही. नाक्यावर फुंकलेला आकडा कोर्टात पुरावा म्हणून चालतो.

हा दोन तासांचा हट्ट कशासाठी, तर रक्तातली दारू थांबून राहत नाही. साधारण माणसाच्या रक्तातून तासाला १५ ते २० मिलिग्रॅम उतरते. आपल्या पालघरशी नातं असलेल्या वरळीच्या प्रकरणात हे साऱ्या राज्याने बघितलं. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळी कोळीवाड्यातलं जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरने परतत होतं. बीएमडब्ल्यूने उडवलं, बाई गेली. गाडी चालवल्याचा आरोप पालघरमधल्या एका राजकीय पुढाऱ्याच्या मुलावर आहे. तो सापडला ९ जुलैला. नंतर आलेल्या रक्ताच्या अहवालात अल्कोहोल नव्हतं. दोन दिवसांनी कुणाच्याही रक्तात ते सापडणं कठीणच. त्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, पण तो प्यायला होता की नाही हे रक्तावरून सांगायचा मार्ग तिथेच बंद झाला.

हाच हिशेब उलटाही लागतो, आणि तो आपल्या पोरांना जास्त लागू आहे. हळदीत रात्री एकपर्यंत भरपूर घेतली, रक्तात १५० झाली असं धरा. तासाला १५ प्रमाणे सकाळी सातला अजून ६० शिल्लक, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. झोप झालीय, आंघोळ केलीय, डोकं ठिकाणावर आहे असं वाटतं आणि माणूस सात वाजता कामगारांची गाडी काढतो. मशीनला आंघोळ कळत नाही.

रक्त घेताना

ठाण्यात आणल्यावर पुन्हा एकदा फुंकायची संधी द्यावी लागते, ती मागा. मशीनने दारू दाखवली किंवा फुंकायला नकार दिला तर डॉक्टरकडून रक्त घेतलं जातं. बाई असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी बाई हजर पाहिजे. आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखाली १९५९ चे नियम आहेत. त्यांत रक्त घेताना कातडी पुसायला स्पिरिट वापरू नये असं स्पष्ट लिहिलंय. कारण सरळ आहे, स्पिरिट हेच अल्कोहोल. बाटलीत रक्त टिकवणारं रसायन असावं, बाटली सीलबंद करून नाव आणि तारीख लिहावी. रक्त नुसतं ठेवलं तर आंबून त्यात आपोआप अल्कोहोल तयार होऊ शकतं.

या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण केस यावरच उभी राहते नाहीतर पडते. सलमान खानच्या २००२ च्या अपघाताच्या खटल्यात सत्र न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं. त्यात रक्ताचा नमुना कसा घेतला, कसा ठेवला, कुणाच्या हातून गेला यावर कोर्टाने शंका घेतली होती. पुण्यात १९ मे २०२४ ला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनियर मारले गेले. तिथे तर ससून रुग्णालयात नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळेना म्हणून ते उघडं पडलं. सील आणि सही गरीब आरोपीच्या जशी कामाची, तशीच मेलेल्याच्या घरच्यांच्याही कामाची आहे.

नुसता तोंडाला वास आला, पाय लटपटले एवढ्यावर दारू प्यायल्याचं पक्कं सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७१ सालीच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात म्हटलंय. पण विमा कंपनीच्या दाव्यात गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की फुंकण्याची किंवा रक्ताची तपासणी झाली नसली तरी बाकीच्या पुराव्यावरून विमा कंपनी दारू प्यायल्याचं दाखवू शकते. अपघातात स्वतःच्या गाडीचं नुकसान तर विसराच. समोरच्याला द्यायची भरपाई कंपनीने आधी भरली, तरी नंतर मालकाकडून वसूल करायचा आदेश होऊ शकतो. पिकअप मालकाने ड्रायव्हर ठेवताना एवढं डोक्यात ठेवावं.

घरच्यांनी काय करायचं

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे. अटक का केली ते सांगणं, घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवणं, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने करणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. पण नुसतं १८५ असेल तर बहुधा तिथवर जायची वेळ येत नाही, कारण गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन द्यायची तयारी असेल तर तो हक्काने मिळतो. जामीनदार आणता येत नसेल इतकी गरिबी असेल तर जातमुचलक्यावर सोडता येतं. अपघातात माणूस मेला किंवा जबर जखमी झाला असेल तर मात्र कलमं बदलतात, तिथे वकील आधी बघा.

"इथेच पावती फाडा" हे या गुन्ह्यात होत नाही. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, याची तडजोड रक्कम जागेवर किंवा ई-चलनाने भरता येते. १८५ त्या यादीत नाही, ते कोर्टातच जातं. म्हणून रस्त्यावर कुणीही, खाकीतला असो की टपरीवरचा, पैसे घेऊन मिटवतो म्हणाला तर समजून जा. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४.

गाडी ठाण्यात लावून घेतात. न प्यालेला, लायसन असलेला माणूस सोबत असेल तर त्याच्या ताब्यात द्या म्हणून विनंती करून बघा, नाहीतर कोर्टातून सुपुर्दनामा करून मिळते. गाडीत माल असेल, चिकू, भाजी, मासळी, तर तो लगेच उतरवून घ्यायची परवानगी मागा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. एका शेतकऱ्याची काकडी दोन दिवस उन्हात गाडीतच राहिलेली मी बघितलीय. दंडापेक्षा ते नुकसान मोठं होतं.

लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवतात. रस्ता सुरक्षेसाठी नेमलेल्या सुप्रीम कोर्टाच्या समितीने २०१५ मध्ये किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश दिलेत. जप्तीची पोच घ्या. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलं तर तो वेगळा गुन्हा.

समन्स आलं की तारखेला जा. न गेल्यास वॉरंट निघतं, मग भल्या सकाळी पोलीस दारात. गुन्हा कबूल करायचा की लढायचा हे वकिलाशी बोलून ठरवा. आदिवासी, अनुसूचित जातीचे लोक, महिला आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा.