रेणू न मोडता मोजमाप : सौम्य आयनीभवनाच्या पद्धती

जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव शेततळी आणि द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. द्राक्षे युरोपात पाठवायची तर त्यांतील रसायनांचे अवशेष ठरलेल्या मर्यादेत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. ही मर्यादा कित्येकदा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटींत एक भाग इतकी कडक असते. तपासणीची मदार असते मास स्पेक्ट्रोमीटरवर.

हे उपकरण रेणूला विद्युतभार देऊन त्याचे वस्तुमान व भार यांचे गुणोत्तर मोजते. जुन्या पद्धतीत वायुरूप पदार्थावर ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो व रेणूचे तुकडे पडतात. तुकड्यांवरून ओळख पटते. पण उष्णतेने विघटन पावणारे वा बाष्प न होणारे पदार्थ हाती लागत नाहीत. त्यासाठी सौम्य पद्धती आल्या.

विद्युत्-फवारा : द्रावण उच्च विद्युतदाबाच्या सुईतून फवारले जाते, थेंब सुकत जाऊन आयन मोकळे होतात. ध्रुवीय रेणू व प्रथिनांसाठी ही पद्धत उत्तम. मात्र फळातील इतर घटक संकेत दाबून टाकू शकतात.

वातावरणीय दाबाखालील रासायनिक आयनीभवन : तप्त फवाऱ्याचे बाष्प होऊन विद्युत-विसर्गाने भार मिळतो. कमी ध्रुवीय, उष्णता सोसणाऱ्या रेणूंसाठी उपयुक्त. येथे संकेत दबण्याचा त्रास सहसा कमी.

माल्डी : नमुना प्रकाशशोषक स्फटिकांत मिसळून त्यावर लेसर सोडतात. प्रथिने व जिवाणूंच्या ओळखीस योग्य. पण स्फटिकद्रव्याचेच संकेत लहान रेणूंच्या आड येतात.

प्रथिनांसारख्या महारेणूंसाठी अशा पद्धती विकसित केल्याबद्दल जॉन फेन (विद्युत्-फवारा) आणि कोइची तानाका (लेसर) यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला.

निवडीचे महत्त्व २०१० मध्ये दिसले. वेलींची शाकीय वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड, अर्थात ‘सीसीसी’च्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली व उत्पादक-निर्यातदारांना मोठा फटका बसला. हा क्षार असल्याने त्याचे सहजी बाष्प होत नाही. मात्र विद्युत्-फवाऱ्यात त्याचा मूळचाच भारित आयन १२२ या वस्तुमानावर अखंड मिळतो. तो निवडून मुद्दाम फोडला की ५८ चा तुकडा ओळखीची खात्री देतो. पुढे हे रसायन द्राक्षांच्या तपासणीत समाविष्ट झाले. उपकरण कितीही संवेदनशील असले, तरी योग्य पद्धतीने शोधले तेच त्याला दिसते.