शिरूर आणि दौंड तालुक्यांतील पदवीस्तरीय अर्थशास्त्र शिक्षण

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत अर्थशास्त्राचे पदवीस्तरीय शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून दिले जाते. शिरूर (घोडनदी) येथील चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, पाबळ येथील पद्ममणि जैन महाविद्यालय, केडगाव येथील सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय आणि दौंड शहरातील कटारिया महाविद्यालय ही त्यांपैकी काही होत. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असल्याने पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांत तो सारखाच असतो. तथापि ग्रामीण कर्जबाजारीपणा, जमिनीचे तुकडीकरण, सहकारी साखर कारखानदारी आणि शेतमालाची बाजारव्यवस्था या त्यातील प्रकरणांची मूळ उदाहरणे याच दोन तालुक्यांत व त्यांच्या सीमेवर घडलेली आहेत. भारतीय आर्थिक इतिहासात वारंवार उल्लेखिले जाणारे कर्डे आणि जातेगाव बुद्रुक ही दोन्ही गावे शिरूर तालुक्यातील आहेत.

अभ्यासक्रमाची रचना

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. कला शाखेत अर्थशास्त्र हा विषय सामान्य स्तर आणि विशेष स्तर अशा दोन प्रकारे घेता येत असे. २०१९ च्या श्रेयांक पद्धतीत पहिल्या वर्षी भारतीय आर्थिक पर्यावरण, दुसऱ्या वर्षी वित्तीय प्रणाली, सूक्ष्म अर्थशास्त्र व स्थूल अर्थशास्त्र आणि तिसऱ्या वर्षी आर्थिक विकास, आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र व सार्वजनिक आयव्यय असा क्रम होता. वाणिज्य शाखेतील विद्यार्थी व्यावसायिक अर्थशास्त्र या नावाने जवळपास हाच सिद्धान्तभाग शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषय, गौण विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण अशी रचना लागू झाली. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी मिळवता येते.

क्षेत्रीय प्रकल्पाची तरतूद या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आसपासची बाजार समिती, गुऱ्हाळे, विकास सोसायटी किंवा औद्योगिक वसाहत यांची पाहणी हा पूर्वी शिक्षकांच्या उत्साहावर अवलंबून असलेला भाग त्यामुळे अभ्यासाच्या चौकटीत आला.

किंमत सिद्धान्त आणि स्थानिक बाजार

सूक्ष्म अर्थशास्त्रात विद्यार्थी प्रथम मागणी, पुरवठा आणि लवचिकता शिकतो. मागणी म्हणजे केवळ इच्छा नव्हे, तर इच्छेसोबत क्रयशक्ती व खर्च करण्याची तयारी, ही व्याख्या सहज पाठ होते. लवचिकतेचा अर्थ मात्र उदाहरणाशिवाय उमगत नाही. कांदा हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. केडगाव येथील कांदा बाजार दौंड तालुक्यात प्रसिद्ध आहे. समजा, बाजारात १०० क्विंटल कांदा आला आणि त्याला क्विंटलमागे २,००० रुपये भाव मिळाला, तर एकूण प्राप्ती २,००,००० रुपये होते. पुढील हंगामात आवक ११० क्विंटल झाली आणि भाव १,६०० रुपयांवर उतरला, तर प्राप्ती १,७६,००० रुपयेच राहते. भाव २० टक्क्यांनी उतरूनही खप केवळ १० टक्के वाढला, याचा अर्थ मागणीची लवचिकता एकापेक्षा कमी आहे. पीक वाढले आणि उत्पन्न घटले, ही शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला परिचित असलेली गोष्ट येथे सूत्रात बसते.

याच उदाहरणातून दुसरा, अधिक सूक्ष्म मुद्दा निघतो. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बाजारभाव ठरलेला असतो. त्याने दहा पोती अधिक नेली म्हणून भाव पडत नाही. म्हणून लागवड वाढवणे प्रत्येकाला स्वतंत्रपणे शहाणपणाचे वाटते आणि सर्वांनी तसे केले की सर्वांचेच नुकसान होते. एकाला लागू पडणारे सर्वांना लागू पडेल, असे मानण्याचा हा तर्कदोष पदवीच्या अभ्यासक्रमात स्थूल अर्थशास्त्राच्या आरंभी शिकवला जातो. वस्तुतः त्याची ओळख बाजार समितीच्या आवारात आधीच झालेली असते. कांदाचाळीत उन्हाळ कांदा साठवून भावाची वाट पाहणे म्हणजे पुरवठा एका काळातून दुसऱ्या काळात नेणे होय. सरकारी धोरणाने हा अंदाज उलटू शकतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू केली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठवण्यात आली. शहरी ग्राहक आणि उत्पादक यांच्यात लाभ-हानीची विभागणी कशी होते, हे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रकरणात शिकताना या घटनाक्रमाचा उपयोग होतो.

ऊस हे बाजाराच्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. तोडलेला ऊस थोड्याच काळात गाळावा लागतो, अन्यथा साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे दूरच्या खरेदीदाराचा शेतकऱ्याला फारसा उपयोग नसतो आणि जवळच्या कारखान्याला क्रेता मक्तेदारीसारखे स्थान मिळते. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटर हवाई अंतराची अट असल्याने नवा स्पर्धक सहज येत नाही. शेतकऱ्यांनीच कारखान्याचे सभासद होणे हा या पेचावरचा सहकाराचा उपाय. शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यांपैकी भीमा कारखाना आर्थिक अडचणींनंतर भाडेतत्त्वावर चालवण्यास देण्यात आला. उसाला केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर म्हणजे एफआरपी ठरवते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३४० रुपये होता आणि ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत रक्कम देणे कायद्याने बंधनकारक आहे. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळे या व्यवस्थेत पर्यायी खरेदीदार ठरतात. कारखान्याशिवाय ऊस घालण्यास दुसरी जागा असणे म्हणजे काय, हे मक्तेदारीच्या आकृतीपेक्षा गुऱ्हाळाच्या दारात लवकर समजते.

वैकल्पिक खर्चाची संकल्पना पाण्याच्या संदर्भात स्पष्ट होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. त्याच पाण्यावर पुणे शहराची तहान आणि कालव्यातून हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील सिंचन अवलंबून असते. शहराला दिलेल्या पाण्याचा खर्च केवळ पंप व जलवाहिनीचा नसतो. न मिळालेल्या आवर्तनामुळे हुकलेले पीक हाही त्या पाण्याचा खर्च होय.

ग्रामीण कर्ज

भारतीय अर्थव्यवस्थेवरील पाठ्यपुस्तकांत दख्खनच्या दंग्यांना बहुधा एक-दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र हे प्रकरण अभ्यासक्रमाच्या केंद्राशी नेणारे आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडण्यास घेतले. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कसण्यास आणि त्यांची कामे करण्यास नकार देण्यात आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग त्याच तालुक्यात मोडत असे. जमावाने मुख्यतः कर्जरोखे हस्तगत करून जाळले. माणसांवर प्राणघातक हल्ले फारसे झाले नाहीत. नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत तो लागू करण्यात आला. रोख्यावर लिहिलेल्या रकमेमागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यामुळे न्यायालयांना मिळाला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या घटनेत तीन कारणे गुंफलेली दिसतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सारा फेरआकारणीत जमीनमहसूल वाढला. तिसरे कारण संस्थात्मक आहे. १८५९ च्या मुदत कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. ऋणकोला संरक्षण देण्यासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला: दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर धोरणविषयक अर्थशास्त्राचा गाभा आहे.

यानंतरचा इतिहास अभ्यासक्रमात सलग येतो. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीवर १९५४ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्यांच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून आणि केवळ ३ टक्क्यांच्या आसपास सहकारी संस्थांकडून येत असल्याचे त्यातून दिसले. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ या समितीचे सदस्य होते. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना झाली.

आज पीककर्ज मुख्यतः गावची विकास सोसायटी, पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्यामार्फत मिळते. वेळेवर परतफेड करणाऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. या सवलतीसाठी मार्चअखेर खाते पूर्ण भरावे लागते. त्यासाठी काही दिवसांपुरती उसनवारी करून जुने कर्ज फेडणे आणि लगेच नवे उचलणे, याला ग्रामीण भागात ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. कागदावर परतफेड पूर्ण दिसते, देणे मात्र तसेच राहते. दीडशे वर्षांपूर्वीच्या रोखा-नूतनीकरणाशी याचे साम्य लक्षणीय आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की येथे व्याजाचे चक्रवाढ ओझे बहुतांशी शासन उचलते. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफी योजनांचा अभ्यास करताना वेळेवर फेडणाऱ्याच्या वर्तनावर माफीचा काय परिणाम होतो, हा ‘नैतिक धोक्या’चा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे येतो.

जातेगाव बुद्रुकची पाहणी

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये हवेली तालुक्यातील पिंपळे सौदागर आणि १९२१ मध्ये एन. व्ही. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावांचे अभ्यास प्रसिद्ध केले. भारतातील आरंभीच्या शास्त्रशुद्ध ग्रामपाहण्यांत त्यांची गणना होते. पिंपळे सौदागर येथे सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील ४० एकरांवरून १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे मॅन यांनी दाखवले. जातेगाव पावसावर अवलंबून असलेले गाव म्हणून निवडले गेले. तेथील बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह केवळ शेतीवर होत नव्हता.

वारसांमध्ये प्रत्येक तुकडा वाटला जाण्याने होणारे विभाजन आणि एकाच खातेदाराची जमीन विखुरलेली असणे हे दोन वेगळे दोष आहेत. परीक्षेत त्यांची हमखास गल्लत होते. विभाजनावर एकत्रीकरण योजनेचा उपाय चालत नाही, कारण एकत्रीकरणाने तुकडे जुळतात, एकूण क्षेत्र वाढत नाही.

जातेगावच्या पाहणीतील शेतीबाहेरील कामाचा प्रश्न पुढे तालुक्यात वेगळ्या रूपाने आला. रांजणगाव, सणसवाडी व शिक्रापूर परिसरात आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे उद्योग उभे राहिले. छुपी बेरोजगारी, बाह्य बचती आणि कंत्राटी श्रम या संकल्पनांची उदाहरणे त्यातून मिळतात.

भाषा आणि परिभाषा

कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे. मराठीतील अर्थशास्त्रलेखन जुने आहे: लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मध्ये आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही संज्ञा स्थिर नाहीत. उच्च माध्यमिक पुस्तकातील सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र पदवीच्या अनेक ग्रंथांत अंशलक्ष्यी व समग्रलक्ष्यी होते. तुष्टिगुण आणि उपयोगिता, मक्तेदारी आणि एकाधिकार ही नावेही आलटूनपालटून येतात. याहून अवघड असतात ते व्यवहारातील ओळखीचे शब्द. जमीन किंवा सोने घेणे ही बोलीत गुंतवणूक आहे. स्थूल अर्थशास्त्रात ती केवळ मालकीची अदलाबदल ठरते आणि नवी विहीर, यंत्र किंवा शीतगृह उभारणे तेवढे गुंतवणुकीत मोजले जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत घरच्या शेतावर खपणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे फळ पिकाच्या मूल्यात मोजले जाते, पण तिचा स्वयंपाक मोजला जात नाही.

पुढील शिक्षण

पदवीनंतर काही विद्यार्थी एम.ए. किंवा बी.एड. करतात, राज्यसेवा परीक्षेत अर्थव्यवस्थेचा भाग असल्याने स्पर्धा परीक्षांसाठीही हा विषय निवडला जातो. कला शाखेच्या अभ्यासक्रमात गणिताचे प्रमाण कमी आहे, तर नामांकित संस्थांतील पदव्युत्तर अर्थशास्त्र कलनशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांवर उभे असते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला ही दरी इंग्रजीपेक्षाही मोठी ठरू शकते. पहिल्या वर्षापासून गणित किंवा संख्याशास्त्र गौण विषय म्हणून घेणे, हा नव्या रचनेत त्यावर उपलब्ध असलेला मार्ग आहे. मात्र त्यासाठी तो विषय त्या महाविद्यालयात शिकवला जात असावा लागतो.